चकरेची गोळी, गोळीची चक्कर

(कन्हान इथं झालेल्या बायकांच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)



निरोप धाडताना आपण सांगितलं होतं की येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. चालू असलेल्या, बंद केलेल्या, आणि कशासाठी दिल्या होत्या ते आठवत नाही त्यासुद्धा. सकाळपासून त्या पिशव्या सतरंजीवर मोकळ्या करून बघतो आहोत. बीपीच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या गोळ्या निघणार हे माहीतच होतं. पण पुन्हा पुन्हा निघाली ती 'चकरेची गोळी'. नाव वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी. एका मावशींना विचारलं, किती दिवस झाले घेता? "खाऊनच राहिली जी, पोरीच्या लग्नापासून." कोणी बंद करायला सांगितलं होतं का? यावर मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. गोळी सुरू करतात तशी ती बंदही करायची असते, हे त्यांना कोणी बोललंच नव्हतं.

मी आज या बंद करण्याबद्दलच बोलणार आहे. चक्कर येणं आणि कान वाजणं या तक्रारींवर ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा थोड्या दिवसांपुरत्या असतात. आपल्या बायका त्या वर्षानुवर्षं घेतात. मग त्या गोळ्यांचे जे परिणाम अंगावर उमटतात, त्यांना नवा रोग समजलं जातं, नाहीतर म्हातारपण, नाहीतर बाईचा स्वभाव.

आधीच एक सांगून ठेवते, नाहीतर घोटाळा होईल. घरी जाऊन सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकायच्या नाहीत. काही गोळ्या एकदम तोडल्या तर जास्त त्रास होतो, त्या कुठल्या ते पुढे सांगते. आणि चकरेबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, नाहीतर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर गोळ्यांचा विचारच करत बसू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तिथं तासातासाला किंमत असते.

आता चक्कर म्हणजे काय? आपल्याकडे कोणी भोवळ म्हणते, कोणी घेरी म्हणते, कोणी म्हणते डोकं गरगरते. पण नीट विचारलं तर या वेगवेगळ्या गोष्टी निघतात. एकीला सगळी खोली गोल फिरताना दिसते. दुसरीला बसल्याजागेवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तिसरीला चालताना झोकांड्या जातात. पहिलीचं दुखणं बहुतेकदा कानाच्या आतल्या भागात असतं, कारण तोल सांभाळणारं यंत्र तिथंच आहे. दुसरीचं रक्त कमी असेल, बीपीची गोळी जड पडत असेल, किंवा सकाळपासून पोटात काही नसेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ मध्ये झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी निघालं. रक्त कमी असेल तर चक्कर येते, आणि कानात धडधड धडधड असा आवाजही येतो. तिला लोहाची गोळी आणि पोटभर अन्न पाहिजे. तिच्या हातात पडते ती मात्र चकरेचीच गोळी. या तिघींना वेगळं करायला डॉक्टरांना चार प्रश्न विचारावे लागतात, बीपी झोपवून आणि उभं करून असं दोनदा बघावं लागतं, रक्त तपासावं लागतं. बाहेर रांग लागलेली असते, "चक्कर येते" एवढे दोन शब्द ऐकून कागदावर औषध लिहून होतं.

मी सगळ्या डॉक्टरांना दोष देत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका डॉक्टरनं सकाळभरात किती पेशंट बघायचे? पण आपल्या तक्रारीला तपासणीची गरज नाही, हे गृहीत धरण्यामागे गर्दीखेरीज आणखीही काही आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बायकांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना त्याआधी कधी उपचार मिळाले होते. हे आपल्या विदर्भातलंच आहे. बाई दुखणं अंगावर काढते, आणि शेवटी बोललीच तर तिला तपासण्याऐवजी गप्प करायची गोळी मिळते.

खोली फिरणाऱ्या चकरेचं सगळ्यात नेहमीचं कारण सांगते. आतल्या कानात चुन्याचे अगदी बारीक खडे असतात. ते आपल्या जागेवरून सुटले आणि शेजारच्या नळीत शिरले की कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, वाकून झाडताना घर फिरल्यासारखं होतं. मिनिटभरात थांबतं, आणि पुन्हा मान तशी झाली की पुन्हा येतं. हे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं, पन्नाशीनंतर आणखी जास्त. आता गंमत बघा. याला औषध लागतच नाही. अमेरिकेत जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरनं पेशंटला पलंगावर आडवं करून डोकं ठरावीक क्रमानं वळवायचं, म्हणजे खडे जागच्या जागी परत जातात, ही रीत शोधली. १९८० पासून तो सांगत होता, त्याच्याच धंद्यातले लोक हसायचे. १९९२ साली त्यानं ते छापलं, आणि आज जगभर तीच रीत आहे. बहुतेकजणींना एकदोन वेळांत आराम पडतो. पंधरा मिनिटांचं काम. पलंग आणि शिकलेले दोन हात लागतात. नागपूरला मेडिकल किंवा मेयोच्या कान-नाक-घसा विभागात जाल तेव्हा "माझे कानातले खडे सरकले आहेत का, ते बघता का?" असं सरळ विचारा. खाली पलंगावर पाडून डोळ्यांची बुबुळं बघतात, ती त्याची तपासणी. ती न करता महिनाभराची गोळी दिली तर विचारा, का दिली.

कारण त्या गोळ्या नुसत्या निरुपयोगी नसतात. चक्कर दाबणारी गोळी मेंदूला गुंगवते. खरं तर एका बाजूचा कान बिघडला की मेंदू हळूहळू नव्यानं तोल शिकतो, जसं लहान पोर चालायला शिकतं. गुंगीत ठेवलेला मेंदू ते शिकत नाही. म्हणजे चक्कर लांबते, म्हणून गोळी लांबते. अमेरिकेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की खड्यांच्या चकरेवर अशा गोळ्या सरसकट देऊ नयेत.

आता एकेक गोळी घेऊ. पिशव्यांमध्ये सगळ्यात जास्त आहे सिनॅरिझिन. स्टुजेरॉन या नावानं ती जुन्या बायकांनाही ठाऊक आहे. तिचीच बहीण फ्लुनारिझिन, अर्धशिशीवरही देतात. दोन्हींनी झोप येते, भूक वाढते, वजन वाढतं. एवढ्यावर भागलं असतं तर मी बोलले नसते. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात. ते अडलं की हात थरथरतात, चाल आखडते, चेहरा लाकडासारखा होतो, पावलं घासत पडतात. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची सगळी लक्षणं. आणि मन काळवंडतं, काही करावंसं वाटत नाही. १९८६ साली उरुग्वे देशातल्या डॉक्टरांनी हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं, पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनीही. म्हातारी माणसं आणि त्यांतही बायका, यांना धोका जास्त. फ्लुनारिझिनच्या बरोबरच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की ज्याला आधी उदासीचा आजार होऊन गेला आहे किंवा कंपवात आहे त्याला ही देऊ नये, आणि महिन्या-दोन महिन्यांत चकरेला उतार पडला नाही तर बंद करावी. ते पत्रक इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, आणि दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा तेही हातात येत नाही.

आमच्याकडे एक आजी यायच्या. हात इतके थरथरायचे की चुलीवरून गंज उतरवता येईना. सुनेच्या मनात आलं, कामाचं निमित्त करते म्हातारी. मुलानं नागपूरला नेलं, एका खासगी दवाखान्यात कंपवात ठरला, त्याची गोळी चालू झाली. त्या गोळीनं तोंड कोरडं पडलं, लघवी अडली, रात्री भलतंच बडबडायला लागल्या. त्याचं आणखी एक औषध आलं. चकरेची गोळी मात्र तशीच चालू! ती कोणाच्या हिशेबातच नव्हती, कारण ती 'साधी' गोळी. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या आणि तारखा विचारल्या. कोणती आधी, कोणती नंतर. चकरेची गोळी थांबवली, मग बाकीच्याही एकेक करून कमी केल्या. कापरं लगेच गेलं नाही, कित्येक महिने लागले, पण गेलं. सगळ्यांचंच जातं असं नाही, काहींचं राहतं, म्हणूनच लवकर ओळखणं महत्त्वाचं. आजी आता भाकरी थापतात, आणि सुनेनं त्यांची माफी मागितली का, ते मी विचारलं नाही.

इथं कन्हानमध्ये आणखी एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. आपल्या या पट्ट्यात मॅंगनीज आहे. रामटेक तालुक्यात मनसरच्या खाणी आहेत. मॅंगनीजची धूळ आणि धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर त्यानंही कंपवातासारखंच दुखणं होतं. कारखाना कायद्यात सरकारला कळवायच्या रोगांची जी यादी होती, तिच्यात मॅंगनीजची विषबाधा होती, आणि २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही आहे. म्हणून हात थरथरणाऱ्या बाईला वयाचं लेबल लावण्याआधी तिनं काय काम केलं आणि काय काय औषध खाल्लं, या दोन्ही गोष्टी विचारल्या पाहिजेत. बाईला कामाचं तर कोणी विचारतच नाही. कागदावर 'गृहिणी' लिहून मोकळे होतात.

दुसरी गोळी प्रोक्लोरपेराझिन, स्टेमेटिल म्हणून मिळते. चकरेबरोबर उलट्या होत असतील तर दोनतीन दिवस हिचा खरोखर उपयोग होतो. पण ही मुळात मानसिक आजारांवरच्या औषधांच्या घराण्यातली आहे. लांबवली तर तीच थरथर, आणि ओठ-जीभ आपोआप हलत राहण्याचा विकार, जो गोळी सोडल्यावरही कधीकधी जात नाही. आणि तरुण मुलींमध्ये एकदोन गोळ्यांनी किंवा एका सुईनंही एक भयंकर प्रकार होतो. मान एका बाजूला पिळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. पोरगी पूर्ण शुद्धीवर असते, घाबरलेली असते, पण बोलता येत नाही. आता आपल्या वस्तीत हे बघून लोक काय म्हणतील ते सांगायला नको. अंगात आलं, बाहेरची हवा लागली, चला अमक्या बाबाकडे. यावर साधं इंजेक्शन आहे, अर्ध्या तासात मान सरळ होते. म्हणून अशी पोरगी दिसली तर मांत्रिकाकडे नाही, ओल्या पट्टीसकट गोळ्या घेऊन दवाखान्यात पळा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की उलटीची गोळी दिली होती.

याच घराण्याच्या आसपासची लेव्होसल्पिराइड. ती आपल्याला कळतही नाही, कारण ती ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळून येते. चक्कर, मळमळ, पोट फुगणं, सगळ्यावर देतात. तिच्यामुळे आणि डोम्पेरिडोननंही पाळी चुकते आणि छातीतून दूध येतं. लग्न न झालेल्या मुलीची पाळी दोन महिने चुकली, अंगावर दूध आलं, तर घरात काय होतं? विधवा बाईच्या बाबतीत शेजारी काय बोलतात? औषधाचा दुष्परिणाम म्हणून पुस्तकात जी अर्धी ओळ असते, तिच्यापायी आपल्याकडे एखादीला मार खावा लागतो. हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नसतं. आपल्याला असतं, म्हणून ते आपणच बोललं पाहिजे.

आता झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. कान वाजतात म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून ही गोळी. आणि "तुमचं मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका" हा सल्ला. नवरा दारू पिऊन मारतो त्याचं टेन्शन, पोराला काम नाही त्याचं टेन्शन, त्यावर ही पांढरी गोळी! रात्री लघवीला उठताना पाय लटपटतो, बाई पडते, कमरेचं हाड मोडतं. विसराळूपणा येतो. शरीराला तिची सवय लागते, आणि मग ती एकदम सोडली की छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते, कधी झटकेही येतात. आणि ऐका, कान आधीपेक्षा जोरात वाजायला लागतात, चक्करही येते. बाई म्हणते, बघा, गोळी सोडली की दुखणं परत येतं. ते मूळचं दुखणं नसतं, गोळी तुटल्याचं असतं. म्हणून या गोळ्या डॉक्टरांना सांगून आठवड्या-आठवड्यानं कमी करत आणायच्या. मघाशी म्हटलं होतं ना, एकदम तोडायच्या नाहीत, त्या या. १ मार्च २०१४ पासून यांतल्या अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या एच-वन यादीत आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत आणि दुकानदारानं वेगळ्या वहीत पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही मला सांगा.

उदास मनाच्या औषधांमधलं एक उदाहरण मुद्दाम सांगते, कारण ते कान वाजण्यावरही दिलं जाई. फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रॅसेन या दोन औषधांची मिळून एक गोळी होती, डिॲंक्झिट. कंपनी डेन्मार्कची, पण खुद्द डेन्मार्कमध्ये या गोळीला परवानगी नव्हती. भारतात मात्र ती खपत होती. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं आपल्या ५९ व्या अहवालात हे उघड केलं, आणि जून २०१३ मध्ये सरकारनं बंदी घातली. कंपनी लगेच न्यायालयात गेली. हा क्रम आपल्या चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना ओळखीचा वाटेल. गर्भ राहिला की नाही हे बघायला हॉर्मोनच्या जोरकस ईपी गोळ्या दिल्या जायच्या, त्यांच्यावर १९८२ मध्ये बंदी आली तेव्हाही कंपन्या अशाच कोर्टात गेल्या होत्या. त्या गोळ्या बंद व्हायला १९८८ उजाडलं, आणि तेही बायकांच्या संघटना आणि औषधांवर काम करणारे गट सहा वर्षं मागे लागले म्हणून.

बीटाहिस्टिन राहिली, व्हर्टिन वगैरे नावांनी. तुलनेनं ही सौम्य आहे. पित्त होतं, डोकं दुखतं, दमेकरी बाईनं आणि पोटात अल्सर असलेलीनं जपून घ्यावी. पण ती गुण देते का? अमेरिकेनं साठच्या दशकात हिला परवानगी दिली आणि पुरावा अपुरा म्हणून काही वर्षांतच काढून घेतली. जर्मनीत मेनिएरच्या आजाराच्या २२१ पेशंटना नऊ महिने गोळ्या दिल्या, काहींना खरी, काहींना नुसती पिठाची. कोणाला कोणती ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. २०१६ मध्ये निकाल छापला. चकरा सगळ्यांच्याच कमी झाल्या, पिठाची गोळी खाणाऱ्यांच्याही, तेवढ्याच. म्हणजे काळानं बरं होतं आणि श्रेय गोळीला जातं. काही डॉक्टर अजूनही म्हणतात की त्यांच्या पेशंटना फरक पडतो, आणि एखादीला पडत असेलही. पण मजुरीच्या पैशातून दर महिन्याला ती विकत घ्यायची तर एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे की दोन महिन्यांत फरक पडला नाही तर थांबवू का?

आणि नुसता कान वाजत असेल तर? अमेरिकेतल्या त्याच संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं की कान वाजण्यावर उदासीच्या, झोपेच्या, फिट्सच्या गोळ्या सरसकट देऊ नका, जिंको आणि झिंकच्या गोळ्याही सुचवू नका. आवाज कायमचा घालवणारी गोळी आजतरी जगात नाही. पण काहीच करता येत नाही असंही नाही. कानात मळ आहे का, पडदा फाटला आहे का ते बघायचं. ऐकण्याची तपासणी करायची. ऐकू कमी येत असेल तर यंत्रानं बाहेरचे आवाज वाढतात आणि आतली भुणभुण मागे पडते. रात्री अगदी सामसूम ठेवायची नाही, पंखा, रेडिओ हळू लावून ठेवायचा. आणि हा आवाज म्हणजे डोक्यात काही फुटणार आहे असं नव्हे, हे कोणीतरी समजावून सांगायला पाहिजे. भीती गेली की अर्धा आवाज जातो, असं आमच्या बायकाच सांगतात.

आता थोडं उलट बाजूनं. गोळीनंच कान वाजतो, गोळीनंच चक्कर येते, असंही असतं. इथं नदीकाठी बाबू हरदासांची समाधी आहे. आपण १२ जानेवारीला तिथं जातो. 'जय भीम' आपल्याला देणारे, कामठीच्या विडी कामगारांची संघटना बांधणारे हरदास १९३९ साली क्षयानं गेले, पस्तिशीत. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. चारच वर्षांनी. ते असतं तर काय झालं असतं, असं मनात येतंच. लाखो जीव त्या सुईनं वाचवले. पण पहिल्या काही पेशंटमध्येच दिसलं होतं की ही सुई आतल्या कानातलं तोलाचं यंत्र जाळते. तिच्या जातीची कॅनामायसिन ऐकूच येईनासं करते. सरकारी कार्यक्रमात क्षय उलटलेल्यांना दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या २४ सुया असायच्या, तो प्रकार आता बंद झाला. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर कॅनामायसिन महिनोन्‌महिने चालायची, २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती वापरू नका म्हटलं आणि नुसत्या गोळ्यांचे उपचार पुढे आले. पण ज्यांनी त्या सुया घेतल्या त्या बाया आपल्यात आहेत. अंधारात त्यांचा तोल जातो, कान वाजतात. त्यांना चकरेची गोळी काही देत नाही, तोलाचे व्यायाम देतात. डॉक्टरांना त्या जुन्या सुयांबद्दल सांगायचं, कारण पुढे कधी त्याच जातीचं जेंटामायसिन दिलं जाऊ नये.

मलेरियाची क्विनीन, सांधेदुखीसाठी मूठमूठ खाल्लेली ॲस्पिरिन, पाणी काढायची फ्युरोसेमाइड, यांनीही कान वाजतो. यातलं काही चालू असेल आणि कान वाजायला लागला असेल तर नवी गोळी मागायच्या आधी चालू गोळीकडे बघा.

शेवटी आवाजाचं. कोळशाच्या खाणीत, क्रशरवर, कारखान्यात ज्यांनी वर्षं काढली त्यांचे कान वाजतात. घरी आल्यावर टीव्ही मोठा लावतात म्हणून भांडणं होतात. मोठ्या आवाजानं येणारं बहिरेपण हा कारखाना कायद्याच्या यादीत सरकारला कळवायचा आजार होता, नव्या संहितेतही आहे, आणि नुकसानभरपाईच्या यादीतही आहे. कामावरच्या बाईला किंवा पुरुषाला कान वाजतो म्हणून गोळी दिली आणि ऐकण्याची तपासणी कागदावर आलीच नाही, तर त्या माणसाचा हक्क गोळीबरोबर गिळला जातो. कानाचा आलेख काढून घ्या, तारखेसकट, आणि झेरॉक्स घरी ठेवा. कंत्राटी सफाईवाल्या बायांनी तर नक्की ठेवा, त्यांच्या कामाचा दुसरा पुरावाच नसतो.

काय करायचं ते पिशव्या परत देताना प्रत्येकीशी बोलूच. पण दवाखान्यात तोंडातून शब्द फुटत नाही म्हणता, म्हणून सांगते. ही गोळी कशाची, किती दिवसांची, कधी बंद करायची, आणि माझ्या चालू गोळ्यांशी जमते का, एवढं विचारा. एकटीला भीती वाटते तर शेजारणीला घेऊन जा. दोघी असल्या की डॉक्टरही खुर्ची देतात. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं, असा वैद्यक परिषदेचा नियम २०१६ पासून आहे. दवाखान्यात भरती होतात तेव्हाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात, हा २००२ चा नियम.

आणि गोळीनं त्रास झाला तर तो नुसता आपसात बोलून सोडायचा नाही. २०१० पासून सरकारचा औषधसतर्कता कार्यक्रम आहे, गाझियाबादहून चालतो, वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. पेशंट स्वतःही कळवू शकते, डॉक्टरांची सही लागत नाही. फुकटचा फोन आहे, १८००-१८०-३०२४. फॉर्मवर एवढंच भरायचं असतं की कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून, काय झालं, बंद केल्यावर काय झालं. थरथर, पाळी चुकणं, पडणं, मन उदास होणं, हे सगळं त्यात बसतं. तुम्ही लिहिलं नाही तर सरकारच्या दप्तरी ते घडलंच नाही असं होतं. कोरे फॉर्म तिकडे खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी बारावीतल्या मुली बसल्या आहेत. पट्टी फेकू नका, तिच्या मागचा बॅच नंबर फॉर्मवर लागतो.